वार्धक्यातील वनौषधी : दोन चिकित्सापद्धती, एक रुग्ण

चेन्नई : चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी रेल्वेमार्गावर गिंडी आणि तांबरम सॅनेटोरियम अशी दोन स्थानके आहेत. गिंडी येथे किंग इन्स्टिट्यूटच्या परिसरात ज्येष्ठ नागरिकांसाठी २०० खाटांचे राष्ट्रीय वार्धक्य केंद्र उभारण्यात आले असून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २५ फेब्रुवारी २०२४ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन झाले. तांबरम सॅनेटोरियम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ३ सप्टेंबर २००५ रोजी तिचे उद्घाटन झाले होते. पहिल्या संस्थेत आधुनिक वैद्यकाच्या आधारे वृद्धांवर उपचार होतात, तर दुसऱ्या संस्थेत तमिळ भूमीत वाढलेल्या सिद्ध पद्धतीचे उपचार आणि पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. दोन्ही संस्थांमागे केंद्र सरकारचे पाठबळ आहे.

सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब, निद्रानाश किंवा विस्मरण यांनी त्रस्त झालेली वृद्ध व्यक्ती बहुधा दोन्ही वाटांनी जाते. सकाळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि रात्री वैद्यांचे चूर्ण अथवा लेह्य, असा क्रम चेन्नईइतकाच पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि पणजी येथील घरांतही परिचित आहे. वनौषधी वार्धक्यात उपयुक्त आहेत की नाहीत, या प्रश्नावर आपल्याकडे दीर्घकाळ वाद होत आला आहे. तथापि, रुग्णाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न वेगळाच आहे. तो नेमकी कोणती वनस्पती घेत आहे, कोणत्या गोळ्यांबरोबर घेत आहे आणि तिचा परिणाम काय झाला, याची नोंद कोणाकडे आहे?

वृद्धांची वाढती संख्या

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वार्धक्य अहवालानुसार २०२२ मध्ये ही संख्या १४ कोटी ९० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेदहा टक्के इतकी झाली. २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाखांवर जाईल आणि दर पाच भारतीयांमध्ये एक ज्येष्ठ नागरिक असेल, असा या अहवालाचा अंदाज आहे.

दक्षिणेकडील राज्ये या वाटेवर पुढे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२१ साठी दिलेल्या अंदाजानुसार केरळमध्ये ज्येष्ठांचे प्रमाण १६.५ टक्के, तर तमिळनाडूमध्ये १३.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते सुमारे १२ टक्के होते. याचा अर्थ तमिळनाडूला आज जे प्रश्न पडत आहेत, ते काही वर्षांत महाराष्ट्रापुढेही उभे राहणार आहेत. स्मृतिभ्रंशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे. या विकारावर मुळातून उपाय अद्याप उपलब्ध नसल्यामुळे स्मरणशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक बाटलीकडे रुग्णाचे कुटुंबीय आशेने पाहतात.

आयुष पद्धतींचा वापरही मर्यादित नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात प्रथमच केवळ आयुष पद्धतींविषयी देशव्यापी सर्वेक्षण केले. आधीच्या ३६५ दिवसांत प्रतिबंध अथवा उपचारासाठी या पद्धतींचा वापर केल्याचे ग्रामीण भागातील सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५३ टक्के लोकांनी सांगितले. शहरातील वापर खेड्यापेक्षा अधिक आहे, ही बाब लक्षणीय आहे. आधुनिक डॉक्टर उपलब्ध नाहीत म्हणून लोक पारंपरिक औषधांकडे वळतात, हे सर्वसाधारण स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते.

मद्रासमधील जुना वाद

या विषयावरील सार्वजनिक चर्चेला चेन्नईत शंभर वर्षांची परंपरा आहे. देशी वैद्यकाविषयी शिफारशी करण्यासाठी तत्कालीन मद्रास सरकारने १९२१ मध्ये मुहम्मद उस्मान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कॅप्टन जी. श्रीनिवास मूर्ती हे या समितीचे सचिव होते. ते स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर होते आणि तरीही देशी पद्धतींना शास्त्रीय अधिष्ठान असल्याचे मत त्यांनी विस्ताराने मांडले. समितीचा अहवाल १९२३ मध्ये सादर झाला आणि त्यानंतर दोन वर्षांत मद्रासमध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींचे शिक्षण देणारे सरकारी विद्यालय सुरू झाले. पुढे १९४४ मध्ये वैद्यांनी एकत्र येऊन औषधनिर्मितीसाठी सहकारी संस्था स्थापन केली. इम्कॉप्स या नावाने ओळखली जाणारी ही संस्था तिरुवान्मियूर येथे आहे.

राष्ट्रीय सिद्ध संस्थेच्या रुग्णालयास अयोत्तीदास पंडितर यांचे नाव देण्यात आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ समाजात जातिव्यवस्थेविरुद्ध आवाज उठवणारे आणि बौद्ध धम्माचा पुरस्कार करणारे अयोत्तीदास हे स्वतः सिद्ध वैद्य होते. सिद्ध वैद्यकाविषयी तमिळनाडूत आढळणारा जिव्हाळा हा केवळ औषधांपुरता नसून त्यात भाषा, समाज आणि स्वाभिमान यांचाही वाटा आहे. त्यामुळे या पद्धतीची चिकित्सा करणाऱ्याला हा संदर्भ विसरून चालत नाही.

आधुनिक वृद्धचिकित्सेचा प्रारंभही याच शहरात झाला. मद्रासच्या सरकारी सर्वसाधारण रुग्णालयात १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये वृद्धचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा देशात अन्यत्र या विषयाची फारशी दखल घेतली जात नव्हती. अशा रीतीने दोन्ही प्रवाह चेन्नईत रुजले आणि वाढले. मात्र ते समांतर वाहत राहिले.

शास्त्राचा दावा आणि जाहिरातीचा दावा

पारंपरिक ग्रंथ वार्धक्याविषयी काय सांगतात, हे पाहणे उद्बोधक आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग रसायन अथवा जराचिकित्सा हे आहे आणि चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाच्या विवेचनाने होतो. सिद्ध पद्धतीत याच हेतूने कायकल्पाचा विचार केला जातो. त्यात अमुक्करा म्हणजे अश्वगंधा, नेल्लिक्काय म्हणजे आवळा, कडुक्काय म्हणजे हिरडा अशा वनस्पतींबरोबर आहार, श्वासाभ्यास आणि दिनचर्या यांनाही स्थान आहे.

परंतु याच परंपरेने वार्धक्याच्या मर्यादाही ओळखल्या होत्या. सुश्रुतसंहितेत भूक, तहान, निद्रा, जरा आणि मृत्यू यांची गणना स्वाभाविक व्याधींमध्ये केली आहे. वयोमानानुसार येणारे वार्धक्य आणि शरीराची निगा न राखल्याने अकाली येणारे वार्धक्य असा भेदही तेथे आढळतो. रसायनाचा भर प्रामुख्याने अकाली होणारी झीज टाळण्यावर आणि बल टिकवण्यावर आहे.

आजच्या बाजारात मात्र हा संयम क्वचितच दिसतो. वय थांबवण्याचे, गुडघ्यांची झीज पूर्ववत करण्याचे, मधुमेह समूळ घालवण्याचे दावे करून औषधे विकली जातात. ग्रंथ चिकित्सेपूर्वी रुग्णाची प्रकृती, अग्नी, वय आणि ऋतू पाहण्यास सांगतात. जाहिरात मात्र सर्वांसाठी एकच बाटली पुढे करते. परंपरेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला परंपरेचा आधार असतोच असे नाही.

पुरावा काय सांगतो

वनस्पतीजन्य औषधांचा वार्धक्यातील विकारांवर उपयोग होऊ शकतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील परिणामांचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेपासून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि जगभर त्याचा वापर झाला. या कार्यासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र अधिक मात्रेत या औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते, असेही अनुभवांती दिसून आले आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर कमी झाला. गुण आणि दोष दोन्ही समजले, कारण दोन्हींची नोंद झाली होती. स्मृतिभ्रंशावर वापरले जाणारे गॅलंटामिन हे औषधही मुळात एका फुलझाडाच्या कंदापासून मिळाले असून अमेरिकेत २००१ मध्ये त्यास मान्यता मिळाली.

अलीकडील काळातील एक महत्त्वाचे उदाहरण पुण्याचे आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय उपक्रमांतर्गत पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधांची चाचणी घेतली. शल्लकी, गुळवेल, आवळा आणि सुंठ या वनस्पतींवर आधारित औषधांची तुलना सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन या प्रचलित औषधांशी करण्यात आली. एकूण ४४० रुग्णांचा समावेश असलेल्या या २४ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये ऱ्हुमॅटॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वेदना कमी होणे आणि हालचाल सुधारणे या निकषांवर आयुर्वेदिक औषधे प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. त्याचबरोबर काही रुग्णांच्या रक्तचाचणीत यकृताशी संबंधित एका घटकाचे प्रमाण वाढल्याचेही संशोधकांनी नमूद केले. त्यांना लक्षणे नव्हती, तरीही ही बाब दडवली गेली नाही. वनौषधींची शास्त्रशुद्ध परीक्षा घेता येत नाही, हा आक्षेप या चाचणीने निकाली काढला आहे.

परीक्षेचा निकाल नेहमीच अनुकूल लागतो, असे मात्र नाही. स्मरणशक्तीसाठी जगभर विकल्या जाणाऱ्या गिंको या वनस्पतीची अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींवर सुमारे सहा वर्षे चाचणी झाली. गिंकोमुळे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटत नाही, असा निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाला. आपल्याकडील गुग्गुळाविषयीही असाच धडा मिळाला. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध म्हणून भारतीय संशोधनातून गुग्गुळाचे सार विकसित झाले आणि १९८० च्या दशकात बाजारात आले. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढल्याचे आढळले. आहार आणि लोकसमूह यांतील भेदांमुळे असे घडले असावे, असा युक्तिवाद करता येतो. तो पडताळण्याचा मार्गही पुन्हा चाचणीचाच आहे.

ब्राह्मीच्या बाबतीत चित्र अर्धवट आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ६५ वर्षांवरील ५४ निरोगी व्यक्तींना १२ आठवडे ब्राह्मीचे सार अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि ब्राह्मी घेणाऱ्यांच्या शब्दस्मरणात काही सुधारणा दिसली. हा निष्कर्ष आशादायक आहे. मात्र ५४ निरोगी व्यक्तींवरील तीन महिन्यांचा अनुभव आणि स्मृतिभ्रंश झालेल्या लाखो वृद्धांना दिले जाणारे आश्वासन यांमध्ये मोठे अंतर आहे.

वनस्पती नेमकी कोणती?

पुराव्याच्याही आधी ओळखीचा प्रश्न येतो. चेन्नईच्या पार्क टाउन भागातील रासप्पा चेट्टी रस्त्यावर नाट्टु मरुंदु कडै, म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांसारखी दुकाने ओळीने आहेत. तेथे मुळे, साली, बिया आणि चूर्णे सुटी मिळतात. वाळलेल्या आणि कुटलेल्या अवस्थेत वनस्पतीची ओळख पटवणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

चेन्नईजवळील एसआरएम विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाचा मागोवा घेतला. बला, अर्थात मराठीतील चिकणा, ही वनस्पती अशक्तता आणि वातविकारांवरील अनेक औषधांत व तेलांत वापरली जाते. बाजारातील बलेच्या नमुन्यांची जनुकीय पद्धतीने तपासणी करून संशोधकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकही नमुना अस्सल बलेचा नव्हता. ७६ टक्के नमुने त्याच कुळातील अन्य जातींचे होते आणि उरलेले २४ टक्के तर सर्वस्वी वेगळ्या वनस्पतींचे निघाले. सर्वाधिक प्रमाणात आढळलेल्या पर्यायी जातीत एफेड्रिन या द्रव्याचे प्रमाण अस्सल बलेच्या मुळांपेक्षा सहापट असते, असेही संशोधकांनी निदर्शनास आणले. एफेड्रिनमुळे रक्तदाब आणि हृदयाची गती वाढू शकते. अशक्तपणासाठी काढा घेणाऱ्या हृदयरुग्णाच्या दृष्टीने या भेसळीचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. ही भेसळ प्रत्येक वेळी हेतुपुरस्सर असते असे नाही. जंगलातून गोळा करणारा, घाऊक व्यापारी आणि दुकानदार या साखळीत नावांची अदलाबदल सहज होते.

नावांचा घोळ भाषेतही आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी ओळखली जाते, तर अन्यत्र पाणथळ जागी उगवणारी जलब्राह्मी हीच ब्राह्मी मानली जाते. तमिळमध्ये या दोन वनस्पतींना अनुक्रमे वल्लारै आणि नीरब्रह्मी अशी स्वतंत्र नावे असून वल्लारैची पाने चेन्नईत पालेभाजी म्हणूनही खाल्ली जातात. एका वनस्पतीवरील संशोधनाचा दाखला देऊन दुसरी विकली गेली, तर ग्राहकाला ते कळण्याचा मार्ग नाही.

गुळवेलीच्या वादातही हाच मुद्दा पुढे आला होता. कोविड साथीच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे निरीक्षण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे सांगत गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती घेतली गेली असण्याची शक्यता व्यक्त केली. मंत्रालयाचा आक्षेप ग्राह्य मानला, तरी त्यातून रुग्णाला दिलासा मिळत नाही. गुळवेल समजून दुसरीच वनस्पती घरोघरी पोहोचत असेल, तर तो औषधाइतकाच गंभीर प्रश्न ठरतो.

वृद्ध शरीराचा वेगळा हिशेब

तरुणाला सोसवणारे औषध वृद्धाला सोसवेलच असे नाही. वयाबरोबर मूत्रपिंडांची आणि यकृताची कार्यक्षमता घटते आणि औषध शरीरात अधिक काळ राहते. त्यातच एकाच वेळी चार-पाच गोळ्या चालू असतात. अशा स्थितीत वनौषधी ही जणू आणखी एक गोळीच ठरते.

काही उदाहरणे सर्वमान्य आहेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. कारले, मेथी, बेडकीचा पाला अर्थात गुडमार यांचा मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर वापर केल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. वृद्धांमध्ये साखर अचानक उतरणे हे पडण्याचे आणि हाड मोडण्याचे निमित्त ठरते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लसूण, गिंको यांची सारे अथवा हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या सल्ल्याविना घेणे धोक्याचे आहे. अश्वगंधेचा थायरॉइडच्या कार्यावर परिणाम होऊ शकतो. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली असून डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. आपल्याकडे अश्वगंधेच्या मुळाचा पारंपरिक वापर दीर्घकालीन आहे. पानांच्या वापराला तसा आधार नसल्याने आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली होती. म्हणजे मूळ की पान, हा भेददेखील महत्त्वाचा ठरतो.

धातुयुक्त औषधांचा मुद्दा स्वतंत्र आहे. सिद्ध आणि रसशास्त्र या दोन्ही परंपरांत पारा, गंधक, लोह इत्यादींवर संस्कार करून औषधे तयार केली जातात. तो संस्कार नीट झाला नाही किंवा वनौषधीतच अनवधानाने धातू मिसळले गेले, तर परिणाम गंभीर होतात. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारताने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली.

कायद्याची स्थिती

औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये १९६४ साली स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करून आयुर्वेदादी औषधांच्या निर्मितीवर परवान्याचे बंधन आणण्यात आले. विक्रीसाठी मात्र परवाना लागत नाही. प्रमाणित ग्रंथांतील पाठानुसार तयार होणाऱ्या औषधांसाठी नव्याने चाचणी घेण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. ग्रंथकर्त्यांच्या काळी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या नव्हत्या, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. त्यामुळे पारंपरिक अनुभव कितीही प्रदीर्घ असला, तरी या संयोगाविषयी तो मौन बाळगतो.

जाहिरातींबाबत आक्षेपार्ह जाहिराती प्रतिबंधक कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या परिशिष्टातील ५४ विकारांमध्ये मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात, संधिवात आणि मेंदूचे विकार अशा वार्धक्यात आढळणाऱ्या अनेक व्याधी आहेत. या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. तरीही अशा जाहिराती होत राहिल्याने २०१८ च्या डिसेंबरमध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करणारा नियम १७० लागू करण्यात आला. त्याविरुद्ध उत्पादक न्यायालयात गेले. आयुष मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये या नियमाखाली कारवाई न करण्याची सूचना राज्यांना केली आणि १ जुलै २०२४ रोजी नियमच वगळला. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या याचिकेवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी या निर्णयाला स्थगिती दिली. परंतु ११ ऑगस्ट २०२५ रोजी याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही संपुष्टात आली.

दरम्यान २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या कायद्याखालील तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांच्या हस्ते ३० मे २०२५ रोजी आयुष सुरक्षा या संकेतस्थळाचा प्रारंभ झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि औषधांचे दुष्परिणाम यांविषयी त्यावर तक्रार नोंदवता येते. या घडामोडींचा मथितार्थ असा की, जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीची चाळणी गेली आणि प्रसिद्ध झाल्यानंतरची तक्रार उरली. तक्रार करण्याची जबाबदारी ग्राहकावर येते आणि येथे ग्राहक अनेकदा सत्तरीतील, दृष्टी अधू झालेली, एकटी राहणारी व्यक्ती असते.

नोंद हाच दुवा

दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा कागदावर उपलब्ध आहे. आयुष औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याच्या केंद्रीय योजनेत चेन्नईच्या राष्ट्रीय सिद्ध संस्थेकडे सिद्ध औषधांसाठीच्या मध्यवर्ती केंद्राची जबाबदारी आहे. परंतु काढा घेतल्यानंतर चक्कर येऊन पडलेला वृद्ध रुग्ण बहुतेकदा आधुनिक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचतो. तेथे काढ्याविषयी कोणी विचारत नाही आणि रागावतील या धास्तीने रुग्णही सांगत नाही. वैद्यांकडे गेल्यावर आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी नेली जातेच असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुष वैद्यांची नेमणूक करण्याचे धोरण २००५ पासून राबवले जात आहे. तथापि, दोन चिकित्सक एका छताखाली बसणे आणि दोघांचे उपचार एका कागदावर येणे यांत फरक आहे.

हा फरक मिटवण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. वृद्धांच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात आणि वैद्यांच्या दवाखान्यात चालू असलेल्या सर्व औषधांची एकच यादी ठेवली जावी, त्यात चूर्ण, काढा, तेल आणि घरगुती उपायांचाही उल्लेख असावा. वृद्धांना सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या वनौषधींच्या चाचण्या वृद्धांवरच, त्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू असताना घेतल्या जाव्यात आणि त्यांचे प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध व्हावेत. सुट्या काष्ठौषधींच्या बाजारात ओळख पटवण्याची सोय उपलब्ध व्हावी. एसआरएमसारख्या संस्थांकडे त्याचे तंत्र आहे. या तिन्ही बाबींसाठी लागणारे मनुष्यबळ चेन्नईत आहे आणि पुणे-मुंबईतही आहे.

ज्येष्ठांच्या हाती त्यापूर्वीही काही गोष्टी आहेत. वैद्यांकडे जाताना गोळ्यांची आणि डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची वेष्टने बरोबर न्यावीत. परवाना क्रमांक आणि घटकांची नावे नसलेले औषध घेऊ नये. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी सर्व वनौषधींची माहिती शल्यचिकित्सकांना द्यावी. भूक मंदावणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे आढळल्यास औषध तात्काळ थांबवून तपासणी करून घ्यावी.

जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२५ मध्ये पारंपरिक वैद्यकाविषयी २०२५ ते २०३४ या काळासाठीचे धोरण स्वीकारले असून त्यात पुराव्यावर आणि सुरक्षिततेवर भर आहे. भारताने या क्षेत्रात जागतिक नेतृत्वाची आकांक्षा बाळगली आहे. त्या आकांक्षेची कसोटी परिषदांतील भाषणांवर लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या समितीपुढे देशी वैद्यकाला मान्यता द्यावी की नाही, हा प्रश्न होता. ती मान्यता आता मिळाली आहे, संस्था उभ्या राहिल्या आहेत, निधीही उपलब्ध होत आहे. मान्यतेबरोबर येणारे उत्तरदायित्व स्वीकारणे बाकी आहे. गिंडी आणि तांबरम येथील रुग्ण एकच आहे, हे दोन्ही ठिकाणच्या कागदपत्रांतून दिसू लागेल, तेव्हा त्या उत्तरदायित्वाचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.